आप्पांची रिकामी फरशी

आमच्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत आमच्या वळकटीत हात घातला. वरची चादर चाचपून पाहिली नाही, दोरी सोडायलाही सांगितलं नाही. वळकटीच्या बरोबर मधोमध त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. काहीतरी मुठीत धरून त्यांनी बाहेर ओढलं आणि नाकाला लावलं. माझ्या आईनं दिलेल्या गोधडीचं टोक होतं ते. मी पदराचं टोक दातात धरून दारात उभी. आगगाडीत दोन रात्री काढून आलो होतो. हा म्हातारा नाही म्हणाला तर जायचं कुठं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"धुतल्याली हाय," ते म्हणाले. "वर इस्त्रीची चादर आन् आत घाण, अशी लई बिऱ्हाडं बघितल्यात मी. ऱ्हावा."

सगळी निपाणी त्यांना आप्पा म्हणे, मीही म्हणू लागले. ते मात्र मला नावानं कधी हाक मारत नसत. मी भंडाऱ्याकडची, म्हणून मी 'भंडारा'. "ए भंडारा, नळ आलाय गं," अशी सकाळी हाक यायची आणि सगळ्या गल्लीला हसू यायचं. मी उत्तर द्यायची, "आले जी," की त्या 'जी'ला पुन्हा हसू.

आप्पांचं आयुष्य तंबाखूच्या वखारींत गेलेलं. ते दलाल होते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवायचा, हे त्यांचं काम. तंबाखू गोणपाटाच्या मोठमोठ्या पोत्यांत दाबून भरतात, त्या पोत्याला तिकडे बोद म्हणतात. बोदाच्या वरच्या थरात कुणीही चांगलाच माल ठेवतो. म्हणून आप्पा मधे हात घालत आणि आतली मूठभर तंबाखू काढून वास घेत. चाळीसेक वर्षं हेच केल्यावर तो हात वखारीतून घरी आला तो आलाच. मंडईत ते वांग्यांच्या ढिगाच्या मधलं वांगं काढत, मग वरचा ढीग कोसळे आणि बागवानाची बाई शिव्या घाली. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत. पुतणीचं स्थळ बघायला ठरलेल्या दिवशी गेलेच नाहीत. भलत्याच दिवशी, भर दुपारी, पोरगं जेवून घोरत असताना मुलाकडच्यांच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, जाऊन बसले. चहासुद्धा मधला. पहिला कप पाणचट, शेवटचा गाळाचा, मधला तेवढा चहा, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे घरात दोनच माणसं असली तरी चहा तीन कपांचा होई.

"वरचा थर समद्यांचाच ग्वाड असतोय," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. कधी माणसाबद्दल, कधी फणसाबद्दल.

मी सहावीतून शाळा सोडलेली. आमच्या मुलखातून विडीच्या पानांचे ट्रक निपाणीला जात. त्या पानांच्या मागे आमचे हे आले, ह्यांच्या मागे मी. हे पानांच्या वखारीत राखणीला लागले, मी विड्या वळू लागले. पान हातात घेतलं की वास ओळखीचा यायचा. बाकी तिथलं काहीच ओळखीचं नव्हतं. अर्ध्या पाट्या कानडीत. बोलणं मराठी, पण माझ्या कानाला खडबडीत. आम्हाला मूल झालं नाही. ह्यांना खोकला होता. तो थंडीत वाढायचा आणि उन्हाळ्यात जायचा, पण दर वर्षी थोडा थोडा उशिरा जायचा. शेजारी सुपं मांडून म्हाताऱ्या बाया बसत. त्यांची बोटं वाकडी झालेली, डोळे अधू. त्यांच्या विड्या नापास होऊन परत येत, तेव्हा मी माझ्या बोटांकडे पाही. माझीही बोटं वाकडी होणार, ह्यांचा खोकला जाणार नाही, आणि एवढ्या लांब माझ्या तोंडात पाणी घालायला कोणी असणार नाही. ही भीती मी रोज विडीच्या पानांसारखी भिजवून, फडक्यात गुंडाळून ठेवी आणि सकाळी ती पुन्हा मऊ होऊन माझ्या हातात येई.

विडीवाल्या बायांना फंड मिळणार, अशी तेव्हा नुसती बोलणी होती. त्यामुळे म्हातारपणाची सोय ज्याची त्यानं करायची. ती करून देणारे पुष्कळ होते. पगाराच्या दिवशी आमच्या गल्लीत सायकली वाढत. विम्याचा माणूस येई, पोस्टाची बचत गोळा करणाऱ्या बाई येत, कोणत्या ना कोणत्या कंपनीचा पोरगा येई. प्रत्येकाचं ऐकलं की तेच खरं वाटे. एकाचे कागद इंग्रजीत, दुसऱ्याचे कानडीत. एक वर्षाचं सांगे, दुसरा महिन्याचं, तिसरा नुसताच शेवटचा मोठा आकडा सांगे. आम्ही बाया माना हलवायचो आणि रात्री कुणालाच आठवायचं नाही की कोण काय म्हणालं.

आप्पांच्या सोप्यात चार मोठ्या शहाबादी फरश्या होत्या. पूर्वी ते चार शेतकऱ्यांच्या मालाचे नमुने त्या फरश्यांवर शेजारी शेजारी, एकाच उजेडात पसरत. आता तिथं ते एजंटांना पसरू लागले. एका फरशीवर एक योजना. प्रत्येक फरशीवर खडूनं दोन आडव्या रेघा, म्हणजे तीन खण. वरच्या खणात घालायचे किती, खालच्या खणात शेवटी मिळणार किती, आणि मधल्या खणात, मधेच मोडलं तर हातात किती. मांडायचं चिंचोक्यांत. एक चिंचोका म्हणजे एका घराचा एका आठवड्याचा बाजार. सही न येणाऱ्या बाईलाही चिंचोका कळतो.

एकदा बेळगावहून विम्याचे एक गृहस्थ आले. खडेबाजारात शिवलेला सफारी, काखेत रेक्झिनची बॅग. त्यांना खुर्ची मिळाली नाही. पोस्टाच्या बाईंच्या शेजारी, जमिनीवर, आपल्या फरशीपुढे बसावं लागलं.

"आप्पा, योजना अशी आहे, की म्हातारपणी राणीसारखं बसून खायचं."

"राणी कंची? आमाला म्हाईत न्हाय. खाती किती ते चिंचोक्यात सांग."

बाया पदराआड हसल्या. त्या गृहस्थांनी बराच वेळ बोटांवर हिशोब करून चिंचोके ठेवले. खालचा खण चांगला भरला.

"आता मधलं. दोन वर्सं भरलं आन् मोडलं. किती?"

"मोडायचं कशाला म्हणतो मी? शुभ बोला की."

"माझ्या गल्लीत समद्या मधीच मोडत्यात बाबा. हिचं बाळंतपण, तिचा दवाखाना, त्या पलीकडचीचा दादला. मधी हात घालू दे."

ते गृहस्थ बॅगेचा चाप उघडझाप करू लागले. "तसं बघितलं तर... तीन वर्षांच्या आत नाही मिळत काही. पण माणूस गेला तर पहिल्या हप्त्यापासून घरच्यांना सगळी रक्कम! ते कोण देणार?"

"ते बी खरं. ते शेवटच्या खणात वाढीव घाल." आप्पांनी मधला खण तळव्यानं पुसला. "पर मधी मोकळा. बघून ठेवा गं."

पोस्टाच्या बाईंच्या फरशीवर उलटं. शेवटचा खण किरकोळ, मधला मात्र भरलेला, कारण वर्षभर भरलं की त्यातले अर्धे काढता येत.

पण कोणतं घ्यावं, हे आप्पा सांगत नसत. कितीही विचारा. "मी दलाल हाय. माल दावतो. भाव तुमी करायचा." त्यांना बायांची फार कणव होती असंही मला वाटत नाही. भाडं एक दिवस चुकलं तर दारात येऊन उभे राहत. वरच्या थराची त्यांना चीड होती, आणि चार माणसांना एका ओळीत बसवून उलटं पालटं करायची हौस होती. वखार सुटल्यावर ती हौस अशी भागत होती.

समोरच्या खोलीत टेलरमामा आणि मामी राहत, तेही आप्पांचेच भाडेकरू. मामा दिवसभर मशीनवर, मामी काजं-बटणं करी आणि आप्पांचा तीन कपांचा चहाही तिच्याच चुलीवर होई. आप्पांची बायको कधीच गेलेली. टेलरमामांना विमा उतरवायचा होता. सफारीवाल्यांनी कागदही आणून दिला होता. पण आप्पांचं समाधान होईना.

"थांब रं. बेळगावचा आनिक एक येणार हाय म्हनं. दोनी शेजारी मांडू, मग घे."

तो दुसरा आलाच नाही. मग आप्पांनी कोल्हापूरच्या एकाला निरोप धाडला. मग दिवाळीची शिवणं आली आणि मामांनाच मान वर करायला सवड नाही. "दिवाळी होऊन जाऊ दे आप्पा, मग निवांत ताडून बघू," ते मशीन थांबवून म्हणाले, ते मी कपडे वाळत घालताना ऐकलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते मशीनवरच कलंडले. कुणाचा तरी परकर सुईखाली तसाच होता.

दिवसवार झाल्यावर, पगाराच्या दिवशी, नेहमीप्रमाणे सोप्यात फरश्या मांडल्या होत्या. आम्ही बाया बसलो होतो. मामी चहाचं भांडं घेऊन आली. ते तिनं खाली ठेवलं. मग तिनं एकेका फरशीकडे पाहिलं. तीन फरश्यांवर चिंचोके होते, चौथी त्या दिवशी मोकळी होती.

"आप्पा," ती म्हणाली, "आमची फरशी कंची वो?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं. सफारीवाल्यांनी मान खाली घातली. मामीनं कप भरले, ज्याला त्याला दिले आणि गेली. आप्पांचा मधला कप तसाच गार झाला.

त्या दिवशी त्यांनी फरश्या पुसल्या आणि त्यांच्यावर रिकामी पोती रचून ठेवली. एजंट आले की ते मागच्या दारानं निघून जात. बाया विचारत, "आप्पा, मांडा की." ते म्हणत, "माझ्या फरशीनं माणूस खाल्लं. जावा."

मला वाटलं, आता आपलं काही ठरायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच ठरवायची पाळी आली. ह्यांच्या वखारीतला एक ओळखीचा माणूस एका कंपनीचे पैसे गोळा करी. दहा वर्षं दर महिन्याला भरा आणि शेवटी दामदुप्पट घ्या. हे अगदी भारावून गेले. माझा विडीचा पगार सगळा त्यातच घालायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. येत्या पगाराला तो माणूस कागद घेऊन येणार होता.

"चांगलं असंल," मी म्हणाले, "पण शेजारी काही ठेवून पाहिलं नाही न."

"पाहत बसला तो टेलर," हे म्हणाले आणि खोकू लागले.

ते खरंच होतं. बघत बसावं तर टेलरमामांसारखं होईल, न बघता सही करावी तर काय होईल ते दहा वर्षांनी कळेल. तोवर माझी बोटं कशी असतील? मी पगाराच्या दिवसापर्यंत नीट जेवले नाही. त्या सकाळी उठले, सोप्यातली पोती बाजूला केली, फरश्या धुतल्या आणि खडू घेऊन रेघा मारायला बसले. आप्पा खाटेवर पाठ करून पडले होते. थोड्या वेळानं त्यांनी कूस वळवली.

"ए भंडारा! ती रेघ हाय का गोगलगाईची वाट?"

"मला कुठं येतं जी."

"मग कशाला हात लावतीस?" ते उठले. माझ्या हातातला खडू ओढून घेतला आणि फरशीवर गुडघे टेकले. तीन फरश्यांवर त्यांनी रेघा मारल्या. विम्याची, पोस्टाची, कंपनीची. चौथीवर मी हात ठेवला तशी ते खेकसले, "तितं न्हाय. ती मामीची."

"म्हणजे?"

"काहीच न घेणाऱ्याची. त्यो बी एक मालच हाय गं. वर घालायचं काय न्हाय, मधी काय न्हाय, शेवटी काय न्हाय. मी त्यो कधी मांडलाच न्हाय." त्यांनी ती फरशी धोतराच्या सोग्यानं कोरडी पुसली. "आदी हिच्याकडं बघ. मग बाकीच्या बघ."

दुपारी हे त्या माणसाला घेऊन आले. पोस्टाच्या बाई आल्या होत्याच. सफारीवाले आले नव्हते, पण त्यांची फरशी आप्पांनी पाठ असल्यासारखी मांडली होती. कंपनीच्या माणसानं शेवटच्या खणात चिंचोक्यांचा ढीग केला. दोन्ही शेजारच्या फरश्या त्यापुढे केविलवाण्या दिसू लागल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बघ म्हणून.

"मधलं?" आप्पांनी विचारलं.

"मधलं काय त्यात? वैनी, डोळे झाकून दहा वर्षं भरा."

"डोळं झाकून मरायचं असतंय. भरायचं उघडून. मधलं सांग."

"मधे मोडलं तर कंपनी बघून ठरवंल."

"म्हंजे बोद उघडायचा न्हाय." आप्पांनी त्या खणात काहीच ठेवलं नाही, पुसलंही नाही. नुसतं बोट ठेवलं.

तेव्हा हे तडकले. "आप्पा, पुरे झालं! तुमच्या ह्या ताडण्यापायी समोरचा माणूस गेला. आता आम्हाला बसवून ठेवता का?"

समोरच्या खोलीत मामांची मशीन आता मामी चालवत होती. ती थांबली.

आप्पांनी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. "व्हय," ते म्हणाले. "गेला. म्हणून आता नवा कायदा. दिवा लावायच्या आत ठरवायचं. काय बी ठरव भंडारा, पर ठरवल्याबिगर हितनं उठायचं न्हाय."

"तुम्हीच सांगा न जी. मला नाही समजत."

"मी माल दावतो..." एवढं म्हणून ते थांबले. चिंचोक्यांच्या पिशवीत त्यांचा हात होता आणि आतले चिंचोके वाजत होते. मला कळलं की त्यांना सांगायचं आहे आणि ते सांगणार नाहीत.

मी आधी मामीच्या फरशीकडे पाहिलं. मग एकेका फरशीवरून तीन-तीनदा नजर फिरवली. ऊन सोप्यातून निघून अंगणात गेलं. पोस्टाच्या बाई जांभया देत होत्या. हे खोकले. तो खोकला मी ऐकला, उन्हाळा लागून महिना झाला होता तरी तो गेलेला नव्हता. मी पोस्टाच्या फरशीवर तळवा टेकला. तिच्या शेवटच्या खणात सगळ्यांत कमी चिंचोके होते.

"का गं?" आप्पांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"आप्पा, मी मधेच मोडणार. मला दिसून राहिलं."

ह्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहू लागले. मग त्या माणसाला म्हणाले, "जा बाबा, बायकोचा पैसा हाय, तिचंच खरं." निपाणीत येऊन त्यांची बोली माझ्याआधी बदलली होती.

ती कंपनी पुढं बुडाली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण ती बुडाली नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला दामदुप्पट मिळाली आणि तिनं पेढे वाटले, ते मीही खाल्ले. आमचं मात्र मधेच मोडलं. दोन वर्षांनी ह्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पोस्टातले अर्धे काढले, औषधाला पुरले. हे घरी आले, आणखी बरीच वर्षं जगले. त्यांच्या उशाशी बसून मी हप्ता पुन्हा भरू लागले. पुढं बायांना फंडही लागू झाला. आज माझी बोटं वाकडी आहेत आणि महिन्याला थोडं का होईना माझ्या हातात येतं. त्यावर भाकरी आणि गोळ्या भागतात. राणी काय खाते, ते मला अजून माहीत नाही.

आप्पा शेवटी शेवटी खाटेवरच असत. तरी पहिल्या तारखेला काठी टेकत भाडं गोळा करायला निघत. एक दार, दुसरं दार, माझं दार. समोरची खोली मात्र ते ओलांडून जात. मला वाटे, मामी आधीच देत असेल. एकदा मी भाडं त्यांच्या खाटेपाशीच घेऊन गेले आणि सहज गमतीनं विचारलं, "आप्पा, सगळ्यांना फरश्या मांडून दिल्या. तुमची स्वतःची कंची जी?"

"माजी? ह्या खोल्या. तुमी समदे."

"आणि समोरची?"

समोर मशीन खडखडत होती.

"तिचं भाडं घेत न्हाय मी. टेलरचा हप्ता हाय त्यो. त्याचा ऱ्हायला हुता न्हवं? त्यो मी भरतोय."

"कधीपर्यंत, जी?"

"मामी हाय तवर. मी आदी ग्येलो तर पुतण्याला सांगून ठेवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला बोलू नकोस. तिला वाटतंय, मी इसरतोय."

मशीन थांबली. मामी चहाचं भांडं आणि कप घेऊन आली. पहिला कप तिनं माझ्यापुढे केला. दुसरा, मधला, भरून आप्पांच्या हातात देऊ लागली. त्यांनी तो घेतला नाही.

"त्यो तू घे. मला आज शेवटचा दे."

"का वो आप्पा? नाक ग्येलं का काय तुमचं?"

"दे म्हणतो न्हवं."

मामीनं माझ्याकडे पाहिलं, कपाळावर आठी घातली आणि भांडं तिरपं करून तळचा चहा त्यांच्या कपात ओतला. आप्पांनी तो गाळासकट प्यायला. तोंड वाकडं केलं, पण कपात काही ठेवलं नाही.